चाळीस फॉर्म, एकच उत्तर

लोंढे मॅडमसमोर पोरं खोटं बोलत नाहीत, कारण बोलून उपयोग होत नाही. ज्योत्स्ना लोंढे मूळच्या इंदापूरच्या. सोळा वर्षं झाली, रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला येतात आणि कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. कुणाच्या कामाचा संशय आला की त्यांची रीत ठरलेली. पोराला एकट्याला बोलवायचं, त्याचे कागद टेबलावर ठेवायचे, "हे कसं केलंस ते सांग," म्हणायचं आणि गप बसायचं. चोरी हा शब्द आपण आधी काढायचा नाही. गेल्या वर्षी एका पठ्ठ्यानं दुसऱ्याचा प्रकल्प नाव बदलून दिला होता, तो त्या गप बसण्यापुढं पाच मिनिटं टिकला नाही. शून्य मिळालं. मग त्याच्या पुढारी मामाचा फोन आला. शून्य तसंच राहिलं. तेव्हा मॅडम मऊ आहेत असं कुणी समजू नये.

यंदा पाळी आली निकितावर. पोरगी पणदऱ्याची, शेवटच्या वर्षाला, अभ्यासाला पक्की. पुण्यात एम.ए.ला जायचं म्हणून डोळे लावून बसलेली. तिनं गावातल्या दूध घालणाऱ्या चाळीस बायकांची पाहणी केली होती. विभागप्रमुख जाचक सरांनी त्या फॉर्मांचा गठ्ठा मॅडमच्या टेबलावर आपटला.

"वाचा! जनावरांच्या कामात दिवसाचे तास किती? चाळीस जणी म्हणतात चार. गाय विकायची की ठेवायची, घरात कोण ठरवतं? चाळीस जणी म्हणतात दोघं मिळून! अहो, आमच्या घरात साधी भाजी दोघं मिळून ठरत नाही. घरी बसून भरलंय हे सगळं. गुरुवारी चौकशी समितीपुढं उभी करा तिला, सगळ्यांसमोर विचारू."

समितीनं खोटं ठरवलं की प्रकल्प रद्द, वर्ष गेलं, पुणं राहिलं बाजूला. शिवाय खोटारडी म्हणून शिक्का बसायचा तो वेगळाच.

"गुरुवारला दोन दिवस आहेत," मॅडम म्हणाल्या. "आधी मी एकटीला विचारते."

निकिता आली. गठ्ठा बघूनच तिचा चेहरा उतरला. मॅडम गप बसल्या. पोरगी रडली, पण सांगणं बदललं नाही. "मॅडम, आईशप्पथ, मी गेले होते. दोन दिवस, संध्याकाळच्या दुधाला. डेअरीच्या ओट्यावर सगळ्या भेटतात ना, तिथंच विचारलं. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं."

"बरं. आज संध्याकाळी आपण दोघी जाऊ."

"तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर?"

"विश्वासाचं नंतर बघू. आधी तपासू."

पणदऱ्याच्या डेअरीवर दुधाची गर्दी होती. ओट्यावर पंधरा-वीस जणी किटल्या घेऊन बसलेल्या. मॅडमनी मधोमध बसून तेच दोन प्रश्न टाकले. द्वारकाबाई म्हणून एक वयस्क, ठसकेबाज बाई होत्या, त्याच आधी बोलल्या. "चार तास लिवा. आन् गाईचं म्हणाल तर दोघं मिळून ठरवतो बघा."

मॅडम शेजारणीकडं वळल्या. "माझं बी द्वारकाबाईंवाणीच लिवा." पुढची म्हणाली, "माझंबी तेच." तिच्या पुढची तर नुसतीच मान हलवून मोकळी झाली. निकितानं कपाळाला हात लावला आणि मॅडमना हसू आवरेना. पोरगीनं खरंच चाळीस जणींना विचारलं होतं. चाळीस जणींनी मिळून एकच उत्तर दिलं होतं!

निघताना सिंधुबाई नावाची एक तरणी बाई रिकामी किटली हलवत त्यांच्याबरोबर चालू लागली. डेअरी मागं पडली तशी हळूच म्हणाली, "बाई, चार तास कुठलं वो? पहाटं चारला शेणात हात घालते ती दिवेलागणीपतोर सुटका न्हाय. आन् गाईचं म्हणाल तर, गेल्या साली इकली तवा मला मोकळं दावं बघून कळलं."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"बोलनार कशी? द्वारकाबाई माजी सासू हाय!"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. पोरीचं ठीक, ती शिकतेय. पण आपण काय शिकवलं? पोरांना एकेकट्याला विचारायचं, हे सोळा वर्षं पाळलं आणि वर्गात सांगितलं काय, तर चाळीस बायका गाठा! त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्याच दिवशी त्या जाचक सरांपुढं उभ्या राहिल्या. "फॉर्म खरे आहेत सर, उत्तरं खोटी आहेत. पोरीनं लबाडी केलेली नाही. चूक झाली ती माझी, मी नीट शिकवलं नाही. तसं लेखी देते."

"म्हणजे सोडून द्यायचं?"

"छे! चाळीसच्या चाळीस पुन्हा भरेल. घरोघरी जाऊन, एकेकीला एकटीला गाठून. पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर शून्य मीच देईन."

सर कुरकुरले, पण समिती टळली. निकिता पंधरा दिवस उन्हातान्हात गोठे पालथे घालत फिरली. नवा गठ्ठा आला तेव्हा सरांनी तो स्वतः ओढून घेतला. कुठं सात तास, कुठं अकरा. कुठं सासरा ठरवतो, कुठं दीर. एका घरात तर खरंच दोघं मिळून ठरवत होते. सर पानं उलटत शेवटच्या फॉर्मपाशी आले आणि थबकले. मग चष्मा काढून त्यांनी तो कागद मॅडमपुढं सरकवला.

नाव होतं द्वारकाबाई. गाय विकायची की ठेवायची, घरात कोण ठरवतं? निकितानं त्यांचेच शब्द उतरवले होते.

"चाळीस वर्सं धारा काढतीया बाय. मला अजून कुणी इचारलंच न्हाय. तूच पयली."