तंबूत कोण होतं?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस आहे. आमच्या घरात भूतबाधा, करणी, अंगात येणं हे विषय कधी निघालेच नाहीत. पप्पांनी लहानपणापासून एकच शिकवलं – कुणी काही सांगितलं की पुरावा माग. या ग्रुपवरच्या गोष्टी वाचून मीही खाली खवचट कमेंट टाकलेल्या आहेत. त्यामुळे आता माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

माझं नाव सुमेध. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मारुंजीत एका खोलीत भाड्याने राहतो. दोन वर्षांपूर्वी डोक्यात साधं राहायचं खूळ शिरलं. बाईक विकून जुनी सायकल घेतली. एका सॅकमध्ये मावतील तेवढेच कपडे ठेवले, बाकीचे देऊन टाकले. जेवण स्वतः करायचं आणि सुट्टी मिळाली की तंबू घेऊन डोंगर गाठायचा. पप्पा चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. ते एकदा खोलीवर आले, जमिनीवरची माझी चटई बघितली आणि म्हणाले, "आम्ही जन्मभर ओव्हरटाइम करून पलंगावर आलो, आणि तू हौसेने खाली झोपतोस होय?" तरी खूळ सुटलं नाही.

या खुळात माझा एकच जोडीदार – ओंकार, म्हणजे ओम्या. माण गावचा, जुन्या शेतकरी घरातला. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली. आता घरी मोठा बंगला, दारात दोन गाड्या, पण हा गडी माझ्याबरोबर सायकल मारत येतो.

तर गेल्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, आम्ही चाकणकडच्या महाळुंग्याच्या मागच्या एका डोंगरावर मुक्कामाला गेलो. डोंगर तसा मोठा नाही. वरून कंपन्यांच्या शेडचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात, शिफ्ट सुटल्याचा भोंगाही ऐकू येतो. वर सपाटीवर आम्ही तंबू लावला. पाण्याचं टाकं थोडं खाली, उताराच्या वळणावर आहे – वरून दिसत नाही. आमच्या नियमाप्रमाणे दोघांचे फोन बंद करून सॅकच्या तळाशी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काढायचे नाहीत, असं ठरलेलं.

दुपारची वेळ. लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगतोय... अंधार नव्हता, धुकं नव्हतं, आम्ही काही प्यायलेलो नव्हतो.

ओम्या म्हणाला, "जरा पडतो रे." तो तंबूत शिरला, त्याने आतून चेन लावली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तंबूला लागूनच बाहेर बसलो आणि खिचडीसाठी कांदा चिरायला घेतला.

"ओम्या, मिरची किती टाकू?"

"टाक की लेका, किती बी," आतून आवाज आला.

कांदा चिरून झाला. मी तांदूळ निवडत होतो. आतून कण्हल्यासारखं ऐकू आलं.

"सुम्या... पोटात दुखाय लागलंय रे."

"कुठं?"

"उजवीकडं. खाली. लई दुखतंय... आईला सांगू नको."

"ऊन लागलं असेल. पाणी पी."

त्याने कूस बदलली. तंबूचं कापड बाहेर फुगलं, त्याच्या खांद्याचा आकार स्पष्ट दिसला. मी वाकून कापडावरूनच त्या खांद्यावर हात ठेवला. टणक खांदा. श्वासाबरोबर वरखाली होणारा.

"खाली उतरायचं का?" मी विचारलं.

"व्हय. आत्ताच."

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे दगडांवर चपला वाजल्या.

"काय राव, मला सोडून ढांगा टाकत पळालास व्हय? दोन्ही कॅन माझ्याच गळ्यात?"

मी मान वळवली. ओम्या. दोन्ही हातांत भरलेले कॅन, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, घामाघूम... आणि हसतोय.

माझा तळवा अजून त्या खांद्यावर होता. मी ओम्याकडे बघत असतानाच, हाताखालचं कापड एकदम सैल पडलं. आत हवाच उरली.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. ओम्या म्हणतो, मी नुसताच तोंड उघडून बसलो होतो. त्यानेच कॅन ठेवून चेन उघडली. आत दोन चटया, दोन सॅक. बस.

"तू... तू आत होतास ना?" कसंबसं मी विचारलं.

"येडा झालास का? आपण दोघं न्हाई का गेलो टाक्यावर? तूच म्हणालास, पाणी आणू म्हणून."

"मी इथून उठलोच नाही, ओम्या."

त्याला आधी चेष्टा वाटली. मग त्याने अर्धवट निवडलेले तांदूळ बघितले, चिरलेला कांदा बघितला. माझे कोरडे पाय बघितले. त्याचं हसू गेलं. तो सावकाश वळला आणि ज्या वाटेने वर आला होता तिकडे बघत राहिला. वाटेवर कुणी नव्हतं.

"तुझं पोट दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. ठणठणीत हाय मी. का?"

मी सगळं सांगितलं. तंबू कसातरी गुंडाळला, तांदूळ तिथेच सांडले आणि आम्ही निघालो. टाक्याजवळून जाताना दोघांनीही माना खाली घातल्या होत्या.

पायथ्याला सायकली काढल्या. महाळुंग्याच्या रस्त्याला लागलो, कंटेनरच्या गर्दीत शिरलो, आणि ओम्या एकदम सायकलवरून उतरून कडेला बसला. घामाने डबडबलेला. पोटाची उजवी बाजू दाबून धरलेली. मग उलटी झाली. मला म्हणाला, "सुम्या... आईला सांगू नको."

तोच आवाज. तेच शब्द.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोहोचवलं. अपेंडिक्स. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, फुटायच्या बेतात होतं. रात्र डोंगरावर काढली असती तर कठीण होतं, असंही म्हणाले.

मी स्वतःला खूप समजावलं. उन्हाचा त्रास झाला असेल. ओम्याचं आधीच थोडं दुखत असेल, तो बोलला असेल, माझ्या डोक्यात त्याचा गोंधळ झाला असेल. ओम्या शपथेवर सांगतो की रस्त्याला लागेपर्यंत काहीच दुखत नव्हतं. आणि त्याच्याबरोबर टाक्यावर कोण गेलं होतं?

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. ओम्याने आईला चहा आणायला खाली पाठवलं, मला जवळ बसवलं.

"तुला एक सांगितलं न्हाई. टाक्यावर कॅन भरून झाल्यावर तू... म्हणजे तो... माझ्याकडं बघून म्हणाला, 'पळ लवकर. वर सुमेध एकटाच आहे.' मला वाटलं, मस्करी करतोय. मी खाली वाकून झाकण लावलं, वर बघतो तर तू न्हाईस. वाटलं, पुढं गेलास."

तेवढ्यात त्याची आई, काकी, चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्याला पदर लावला. "तुला शंका आली म्हणून माझं लेकरू वाचलं रं बाबा," म्हणाल्या. त्यांना आम्ही तेवढंच सांगितलंय. त्या प्रत्येक पाहुण्याला माझं कौतुक सांगतात, आणि मला तिथे बसवत नाही.

कारण शंका मला आली नव्हती. मला सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं, का सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.