पुतणीचं वेळापत्रक

धाकट्या भावाच्या घरी कपाटावर पुतणीचं वेळापत्रक चिकटवलंय. जून: माणसं बघणे. जुलै: माणसं बघणे आणि आवाज.

"बारावीनंतर वर्षभर थांबणार सई. मग नाट्यशाळांचे अर्ज," भाऊ अभिमानानं म्हणाला.

मला नाटकात जायचं होतं, तेव्हा रिकामा बसेन या धास्तीनं वडिलांनी मला बँकेत चिकटवलं. तीस वर्षं काउंटरमागून मी माणसंच बघितली. त्याला तयारी कुणी म्हटलं नाही.

"काका, जूनमध्ये तुम्हालाच बघितलं. दाखवू?"

सईनं खोटं कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं, चार पावलं गेली आणि पुन्हा ओढायला परतली. सगळे हसले. मीही हसलो.

तिच्या मोकळ्या वर्षाचा हेवा मी कसाबसा गिळला होता. पण माझी भूमिकासुद्धा ती माझ्यापेक्षा चांगली करत होती.