टेटस्केबाई आणि बावीस मिशा

टेटस्केबाईंनी एकतीस वर्षं कालव्यावरचा पूल उचलला आणि खाली ठेवला. वर गेलेल्या पुलाकडं पाठ करायची नाही, हा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्यावर लेउवार्डन शहरातल्या आपल्या वस्तीच्या सामाईक वर्कशॉपात त्या लेझर कटर सांभाळू लागल्या, तेही त्याच बाण्यानं.

एका शनिवारी ऊबेले आला. पुरुषांच्या गायनवृंदातला सगळ्यात जाड आवाज. कार्यक्रमात गायकांनी लावायला बावीस नकली मिशा कापायच्या होत्या. काखोटीला काळं कातडं.

"कसलं रे हे?"

"अस्सल! आजीच्या क्लास्के गाईचं."

बाईंनी तांब्याची तार तापवून लाल केली, कातड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार!

"आजीची गाय प्लॅस्टिकची होती होय? गवत खायची की पिशव्या?"

ऊबेले कानापर्यंत लाल झाला. "सोफ्याचं कव्हर आहे. पण दिसतं ना कातड्यासारखं?"

"दिसू दे. लेझरखाली त्यातून विषारी धूर निघतो. बाविसांचे गळे बसले, तर गाणार कोण, मिशा?"

शेवटी कपाटातून लोकरीचा जाड नमदा निघाला. बाईंनी धूर ओढणारा पंखा लावला, झाकण मिटलं, यंत्र सुरू केलं. लगेच ऊबेले उठला. "कॉफी घेऊन येतो."

"बस खाली! मिशा तुझ्या, राखणही तुझी."

सातव्या मिशीला आत भपकन जाळ दिसला. ऊबेले झाकणावर झेपावला. बाईंनी एका हातानं यंत्र थांबवलं, दुसऱ्यानं त्याच्या हातावर चापट मारली.

"उघडू नकोस! वारा घालतोस काय जाळाला?"

आग विझवायचं नळकांडं हातात धरून त्या काचेतून बघत राहिल्या. जाळ आपसूक विझला. धूर गेल्यावर झाकण उघडलं, तर नमद्याखाली जळका कागद.

"अरे देवा, माझं कडवं! मी एकटा गाणार होतो ते," ऊबेले कळवळला. "सपाट राहावं म्हणून ठेवलं होतं."

"लोकांचं नशीब थोर," बाई म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी बावीस मिशा ओळीत उभ्या राहिल्या. लेझरनं कापलेल्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, हे नाकाखाली मिशी चिकटेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ऊबेले पुढं आला, छाती भरून श्वास घेतला आणि असा शिंकला, की त्याची मिशी उडून पहिल्या रांगेत बसलेल्या चर्चच्या पाद्रीबाईंच्या कॉफीत पडली. पाद्रीबाईंनी ती चमच्यानं काढली, झटकली आणि स्वतःच्या ओठावर लावली.

कडवं कुणी मागितलंच नाही. शिंक मात्र लोकांनी आणखी दोनदा मागून घेतली.