काटकोनबाईंचा ताळा

माझ्या थोरल्या बहिणीला शाळेत सगळे काटकोनबाई म्हणत. खुर्चीत बसली तरी पाठ टेकायची नाही, चालताना मान वाकायची नाही, आणि फळ्यावर नुसत्या हाताने ओढलेली रेघही पट्टीने मारल्यासारखी सरळ. हे नाव तिला माहीत होतं. मुलींनी निदान भूमितीतलं नाव ठेवलं, म्हणून ती खूशच होती.

मी तिला ताई म्हणते. मी कपडे शिवते. गणितात मी इतक्या वेळा आपटले, की शेवटी ताईने हात टेकले आणि मला शिवणाचं मशीन आणून दिलं. गणिताच्या बाईंची सख्खी बहीण गणितात नापास! लोक मला हसले ते हसलेच, पण लागलं ताईला. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र कळायचं. मी गणितात ढ होते, माणसांत नव्हते.

निवृत्त झाल्यावर ती घरीच मुलींना शिकवायला लागली. पुढच्या खोलीत भिंतीला फळा, खाली सतरंजी, खिडकीपाशी माझं मशीन. लग्न दोघींनीही केलं नाही. तिला वेळ मिळाला नाही आणि मला कोणी पसंत पडलं नाही, असं मी सांगते. खरं म्हणजे मला कोणी विचारलंच नाही. एका कोपऱ्यात मशीनचा खडखडाट, दुसऱ्या कोपऱ्यात समीकरणं, असा आमचा संसार चालला होता. त्यात मी फार सुखात होते.

मग ताई विसरायला लागली. एकदा तिने फळा पुसला आणि नुकतंच सोडवलेलं उदाहरण पुन्हा पहिल्यापासून घातलं. मुलींनी मुकाट्याने दुसऱ्यांदा उतरवून घेतलं. त्यांच्यात एक टिवटिव म्हणून होती, तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. तीही गप्प राहिली, तेव्हा मी ताईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल.

घरी आल्यावर ताईने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "वर्ग मी बंद करणार नाही. पण ज्या दिवशी चुकीचं शिकवीन, त्या दिवशी मला फळ्यापुढून उठवायचं. ते काम तुझं."

"माझं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच शिकवणार आहे. मुली माया करतात माझ्यावर, त्या बोलणार नाहीत. तू फटकळ आहेस."

सगळं गणित माझ्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. म्हणून तिने एकच गोष्ट निवडली. एका रेषेचा चढ दिला, तर तिला काटकोनात छेदणाऱ्या रेषेचा चढ किती? यात दोन गोष्टी करायच्या असतात. अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. "उलटा सगळे करतात," ताई म्हणाली, "चिन्ह निसटतं. माझं पहिल्यांदा काही निसटलं तर ते इथे निसटेल. रोज तासाच्या सुरुवातीला मी असं एक उदाहरण घालीन. तू लक्ष ठेव."

मी म्हटलं, चिन्ह का बदलायचं? नुसतं पाठ केलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. तेव्हा तिने माझ्याच कापायच्या पुठ्ठ्यातून एक त्रिकोण कापला. तीन पुढे, दोन वर. मग तो पाव फेरी फिरवला. "बघ. पुढे जाणारे तीन आता वर गेले. वर जाणारे दोन कुठे गेले?"

"मागे."

"मागे गेले म्हणून उणे. आता दोन्ही चढांचा गुणाकार कर. उणे एक यायलाच हवा. हा ताळा. नाही आला, तर रेषा काटकोनात भेटली नाही, नुसती तिरकी धडकली."

मी कितीदा तरी चुकले आणि ती कितीदा तरी ओरडली. कधी माझं चिन्ह जायचं, कधी अख्खी अक्कल. तरी ते दिवस चांगले होते.

त्यानंतर रोज उदाहरण सुरू झालं की माझा पाय मशीनवरून निघायचा. मुलींना वाटायचं, मावशी बाईंना मान देते. मान कसला! माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. "उणे" ऐकू आलं की मी पुन्हा पाय मारायची. बरेच महिने असे निघाले, आणि मला वाटायला लागलं, की डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल.

एका दुपारी ताईने फळ्यावर लिहिलं, चढ तीन छेद चार. त्याच्याखाली लंब रेषेचा चढ लिहिला, चार छेद तीन. आणि खडू ठेवून हात झटकले.

मी वाट पाहिली. आता आठवेल, आता ताळा करील. ताई वळून पुढचा धडा सांगायला लागली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. टिवटिवने मान खाली घातली आणि चार छेद तीन, तसंच वहीत उतरवलं.

मीही मूग गिळून बसले असते, तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण मुली चुकीचं लिहीत होत्या, आणि ताईने हे काम मला दिलं होतं.

"ताई, जरा आत ये."

"तास चालू आहे, दिसत नाही?" ती खेकसली. मग थांबली. फळ्याकडे वळली. बोटाने हवेत गुणाकार केला. "बारा छेद बारा. एक." मग खडू उचलून चारच्या आधी एक आडवी रेघ ओढली, नेहमीसारखी सरळ. "मुलींनो, उणे राहिलं होतं. दुरुस्त करून घ्या."

स्वयंपाकघरात आली तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "पाठ केलं होतंस, की समजलं?"

"वर जाणारे तीन मागे गेले," मी म्हटलं. "म्हणून उणे."

ताईचा चेहरा एकदम फुलला. "अगं, आलं की तुला!" म्हणत तिने खडूच्या हाताने माझी पाठ थोपटली. हुशार मुलींची थोपटायची तशी. एवढ्या वर्षांत माझी कधी थोपटली नव्हती. "आता बाहेर जा आणि सांग त्यांना, उद्यापासून येऊ नका म्हणावं."

जन्मात पहिल्यांदा मी गणितात पास झाले होते, आणि मला नापास व्हायचं होतं. पाठीवर खडूचे पांढरे डाग घेऊन मी मुलींना सांगायला बाहेर गेले.