माय घमेलं उचलत होती

"इस विधवा को हटाओ फ्रेम से."

हे वाक्य माझ्या आईबद्दल होतं. बोलणारा मुंबईहून आलेला सिनेमावाला. आणि माझा बाप तिथेच, हाकेच्या अंतरावर, हातात फावडं घेऊन जिवंत उभा होता.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. भट्टीच्या पायाचं खोदकाम चालू होतं. बाप खोदायचा. माय रेजा होती, म्हणजे डोक्यावरून मातीची घमेली वाहणारी मजूर बाई. आम्ही भंडाऱ्याकडचे. मी नागपुरात वसतिगृहात राहून बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. कारखान्याच्या प्रसिद्धी खात्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. कच्ची. अजून कायम व्हायचं होतं. मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलतो, इंग्रजी कळतं, म्हणून साहेबांनी मला सिनेमावाल्यांच्या दिमतीला दिलं. दुभाष्या म्हणून.

कारखान्यावर माहितीपट निघणार होता. त्यात नटनट्या नाहीत, खरी माणसं, खरं काम, असं साहेब म्हणाले होते. मला फार भारी वाटलं. मीच आदल्या दिवशी मायला सांगितलं, उद्या तुझा फोटू निघणार, हलता फोटू.

आमच्यात फोटू म्हणजे धुतलेले कपडे. माय पांढरं लुगडं नेसून आली. नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला गेलो तेव्हा घेतलेलं. तिथे सगळ्याच बाया पांढऱ्यात होत्या. नवऱ्याशेजारी बसलेल्या, लेकरं मांडीवर घेतलेल्या. ते लुगडं माय एरवी पेटीतून काढतही नसे. त्या दिवशी ते नेसून ती माती वाहायला आली. बाकीच्या रेजा हसल्या.

"काय वं, लग्नाले चालली काय?"

"फोटूत जाऊन राहिली," माय म्हणाली. तीही हसत होती.

आणि सिनेमावाला म्हणाला, विधवेला हटवा.

मायला हिंदी कळत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"सांग त्याले. नवरा जित्ता हाय माया."

मी सांगितलं. तो हसला. वाईट हसला असंही नाही. घाईत असलेला माणूस हसतो तसा. "अरे भाई, परदे पर कौन पूछने जाएगा? मज़दूर है तो मज़दूर दिखनी चाहिए."

त्याच्या मदतनिसानं दुसऱ्या रेजाकडून एक फाटकं रंगीत लुगडं मागून आणलं. माय आडोशाला जाऊन ते नेसून आली. तरी त्याचं समाधान होईना. "चेहरा बहुत साफ़ है." मदतनीस खाली वाकला. दोन बोटांवर ओली माती घेतली. मायच्या गालाला लावली. एका गालाला, मग दुसऱ्या. भिंत सारवतात तशी.

मी दुभाष्या. हे कोणत्या भाषेत सांगायचं ते मला कळेना.

मग त्यानं नारळ मागवला. भट्टीच्या पायापुढे तो ठेवायचा, हात जोडायचे, वाकायचं, असं त्याचं म्हणणं.

माय म्हणाली, "हात नाही जोडत मी. सोडलं आमी ते."

"क्यों? सब जोड़ते हैं."

हे मात्र मी नीट सांगितलं. यांनी दीक्षा घेतली आहे. देवपूजा सोडली आहे. हात जोडणार नाहीत. त्यानं खांदे उडवले. "ठीक है, छोड़ो. घमेला उठवाओ."

माय वाकली, भरलेलं घमेलं उचललं, डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. कॅमेरा घरघरत राहिला. मला वाटलं, संपलं.

पावसाळा उलटून गेल्यावर सिनेमा तयार होऊन आला. निवेदन सगळं इंग्रजीत. साहेबांनी ठरवलं, सुट्टीच्या दिवशी दुपारी मजुरांना दाखवायचा. कँटीनची पत्र्याची शेड, खिडक्यांना ताडपत्री. पडद्याशेजारी माइक धरून मी उभं राहायचं आणि निवेदन हिंदीत सांगत जायचं. सकाळी त्यांनी मला एकट्याला सिनेमा चालवून दाखवला. सराव म्हणून.

तिथे मी पाहिलं. माय वाकते. लगेच भट्टीचं पेटलेलं तोंड, दुसऱ्याच कुठल्या कारखान्यातलं; आमची अजून बांधून व्हायची होती. मागे देवळातली घंटा वाजते. पुन्हा माय वाकते. घमेलं कुठेच नाही. तिचे हात घमेल्याला लागायच्या आतच चित्र कापलेलं. ती उठली, डोक्यावर ओझं घेऊन ताठ चालत गेली, तेही नाही. आणि वरून इंग्रजी आवाज, की ही भोळी बाई पिढ्यान् पिढ्या दगडाला पुजत आली, आज तिला नवा देव मिळाला, आणि ती त्याच्यापुढे नतमस्तक होते आहे.

मी म्हणालो, "साहेब, ती घमेलं उचलते आहे."

"अरे, प्रतीक म्हणतात त्याला. बी.ए.ला शिकवलं नाही का?" साहेब पुण्याचे. मराठी फार शुद्ध.

"ती माझी आई आहे, साहेब."

ते म्हणाले, "मग तर आनंदच व्हायला हवा. कुठे मातीत होती आणि कुठे पडद्यावर आली. आणि तूही बघ, कुठून कुठे आलास. थोडी जाण ठेव. तुला कायम करायचं की नाही, हे मलाच ठरवायचं आहे."

जाण मी ठेवतो. वसतिगृहात रात्रीचं जेवण झाकून ठेवणाऱ्या बाईची ठेवतो. स्वतःचा कंदील वाचायला देणाऱ्या मास्तरांची ठेवतो. या कारखान्याचीही ठेवतो, त्यानं आम्हाला गावकीतून बाहेर काढलं. पण साहेब माझ्याकडून जे मागत होते, ती जाण नव्हती.

आमच्या वस्तीतली अर्धी घरं दीक्षेतली. माय देवापुढे वाकत नाही हे साऱ्यांना ठाऊक. यावरून तिनं सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं होतं. आता ती वाकली, असं साऱ्या वस्तीला कळणार होतं. तिच्याच पोराच्या तोंडून.

दुपारी शेड गच्च भरली. पत्रा तापलेला. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक आणि कारखाना उभारायला मदत करणारे रशियन पाहुणे. खाली जमिनीवर रेजा. त्यांच्यात माय. मी बोलत गेलो. रेल्वेचे डबे, लोखंडाच्या तुळया, चिमणी. हातातला माइक घामानं निसटत होता. मग पडद्यावर तो भट्टीच्या पायाचा खड्डा आला.

"अवं, तू वं! तू!" रेजा ओरडल्या. मायला ढोसू लागल्या.

घंटा वाजली. माय वाकली. इंग्रजी आवाज सुरू झाला. मी गप्प. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग साऱ्या शेडनं पाहिलं.

मी म्हणालो, "ये मेरी माँ है. ये हाथ नहीं जोड़ रही. घमेला उठा रही है. घमेला काट दिया है."

मग मराठीत म्हणालो, "हे सांगतात, ती देवापुढे वाकली. खोटं हाय."

नुसतं मशीन घरघरत होतं. मग जवळच्या उतई गावची एक रेजा उठून उभी राहिली. "सच कहत हे! मैं ओखर बाजू म रहेंव!" खरं सांगतो, मी तिच्या बाजूलाच होते, असं ती म्हणाली, त्यासरशी सगळीकडून गलका. कोणी शिट्टी मारली. कोणी ओरडलं, घमेला कहाँ गया, घमेला दिखाओ!

साहेब उठले. माइकची वायर त्यांनी स्वतः ओढून काढली.

"बाहेर हो. कितीही शिकवा तुम्हा लोकांना."

मी बाहेर गेलो नाही. खाली गेलो, मायच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि राहिलेला सिनेमा पाहिला. साऱ्यांसमोर मला ओढून बाहेर काढणं त्यांना जमलं नाही. रशियन पाहुणे बसले होते.

घरी आल्यावर बापानं विचारलं, "नौकरी गेली त?"

"गेलीच समज बा."

माय चुलीशी भाकरी थापत होती. मला वाटलं, आता ती काही बोलेल. पाठीवर हात ठेवेल. ती वर न पाहता म्हणाली,

"तू कावून बोलला?"

"माय, ते खोटं सांगून राहिले होते..."

"मले दिसत होतं. मी समोरच बसून होती. मले जीभ नाही काय?" भाकरी तव्यावर पडली. "नारळ आनला तवा मीच नाही म्हनलं ना? तुया हाती भोंगा होता त माया हाती द्याचा होता. तो मुंबईवाला मायावर बोलला, मंग तू बोलला. मी कवा बोलाव गा?"

बाप नुसता खाकरला. साहेबांच्या बोलण्यानं लागलं नव्हतं तितकं हे लागलं.

मला कायम केलं नाही. पुढे मी रेल्वेत लागलो. माय अजून रेजाच आहे. मागच्या महिन्यात वस्तीत पुन्हा एक कॅमेरा आला. चांगली माणसं वाटली. तुमच्या बायकांचं जीवन दाखवायचं आहे, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच त्यांच्याविषयी चार शब्द बोला, असं मला म्हणाले. मी नाही म्हणालो. ज्या बाईचं चित्र काढाल तिच्याच तोंडापुढे माइक धरा, म्हणालो. ती बोलेल तितकं सगळं ठेवा. कापायचं असेल तर आधी तिला दाखवून कापा. हे कबूल नसेल तर कॅमेरा गुंडाळा. तिची बोली समजत नसेल तर इथे राहा, शिका, मग या.

या वस्तीत आता दुभाष्या मिळणार नाही.