मॅडम बोलतेय

त्या तळघरात काम करणाऱ्या बाया दोन होत्या. फोनवर मात्र एकच होती, आणि ती खरी कोण हे गावातल्या एकाही दातांच्या डॉक्टरला माहीत नव्हतं.

तळघरात कवळ्या बनत. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचं माप, म्हणजे हिरड्यांचा ठसा, घेऊन डब्यात घालून पाठवत. इथे त्या मापात प्लास्टर ओतलं जाई, त्यावर मेणाची हिरडी घडवली जाई आणि त्या मेणात एकेक दात लावला जाई. मेणाचं सगळं काम दोघींपैकी एक करायची, म्हणून डॉक्टरांमध्ये तिचं नाव पडलं होतं मेणाची बाई. सोळा वर्षांत तिने किती लोकांना चावायला लावलं त्याचा हिशेब नाही, पण तिचं काम ओळखू यायचं. सगळे दात ओळीने सरळ लावले की म्हातारा माणूस जाहिरातीतल्यासारखा दिसतो. ती एक दात केसभर तिरका ठेवायची. मग कवळी घातलेली बाई घरी गेली की घरचे म्हणायचे, अगं, तू परत पहिल्यासारखी दिसायला लागलीस.

दुसरी बाई म्हणजे मालकीण. तिला सगळे मॅडम म्हणत. नवऱ्याच्या मागे तिने हा धंदा एकटीने ओढला आणि त्यात तिचे कान गेले. घासायचं मशीन कानाशी घेऊन बसलं की दुसरं काय होणार. कानात घालायचं यंत्र तिने आणलं होतं, पण त्यात चमचा पडला तरी भिंत पडल्यासारखं वाटतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून असायचं. समोर बसलेल्या मेणाच्या बाईचे ओठ तेवढे तिला वाचता येत. इतर कोणाचे नाही. आणि ही गोष्ट बाहेर कळता कामा नये, असा मॅडमचा सक्त हुकूम होता. मालकाला ऐकू येत नाही म्हटलं की उद्या माप चुकलं तरी लोक कानाकडे बोट दाखवणार.

म्हणून फोन वाजला की मेणाची बाई हात पुसायची, रिसीव्हर उचलायची आणि म्हणायची, "मॅडम बोलतेय."

पहिल्या वर्षी तिला त्याची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी गंमत. पुढे तिला तसं काही वाटेनासंच झालं. मॅडम तुसड्या, शब्दांच्या कंजूष. तर हिचाही आवाज फोनवर तसाच व्हायचा. "गुरुवारी मिळेल." "आधी नाही." "माप पुन्हा घ्या." एकदा दिलेला शब्द फिरवायचा नाही, हा मॅडमचा नियम होता, आणि सोळा वर्षांत हिने तो एकदाही मोडला नव्हता. घरी मात्र हीच बाई भाजीवाल्याशी वाद घालून शेवटी त्याच्याच भावात भाजी घेऊन येई.

अधूनमधून एखादा डॉक्टर लाडात येऊन विचारायचा, "मॅडम, तुमची ती मेणाची बाई आम्हाला देऊन टाका की." पहिल्यांदा असं झालं तेव्हा हिने रिसीव्हरवर हात ठेवून मॅडमला विचारलं होतं, काय सांगू. मॅडम प्लास्टर ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग, ती नाही मिळायची. तिच्याशिवाय माझं चालत नाही."

मॅडम हे एकदाच बोलल्या. त्यानंतर ते वाक्य हिनेच पन्नासएक वेळा म्हटलं असेल. प्रत्येक वेळी तिला आतून थोडं बरं वाटायचं. तिच्याबद्दल असं दुसरं कोणी बोलणारं नव्हतं.

खोकला सुरू झाला तो तीन वर्षांपूर्वी. तळघराला खिडकी नव्हती, एक पंखा होता तोही धूळ इकडची तिकडे करायचा. छातीच्या डॉक्टरने फोटो काढला, तो उजेडाला धरला आणि म्हणाला, "त्या धुळीतून बाहेर पडा. आणखी दोन वर्षं अशीच काढलीत तर घरचा जिना चढायला कोणाचा तरी हात लागेल." तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्या दिवशी ती जिन्यात दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा चप्पल नीट करायचं निमित्त केलं.

मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये जागा निघाली, हे नवऱ्याने कळवलं. नवरा लिफ्टमिस्त्री; त्या दवाखान्याच्या लिफ्ट तोच बघायचा. तिथे खिडक्या होत्या. प्रत्येक टेबलाला धूळ ओढून घेणारी नळी होती. तिथल्या प्रमुखाने तिला अर्ध्या तासात समोरचे सहा दात लावायला सांगितले. तिने लावले. त्याने ते हातात घेऊन फिरवून पाहिले, तिरक्या दातापाशी थांबला आणि हसला. "जागा तुमचीच समजा," तो म्हणाला. "एक सोपस्कार राहिला. आमच्या ऑफिसातून तुमच्या मालकांना फोन जाईल. पत्र आम्ही घेत नाही. पत्रं लोक घरी बसून लिहितात. फोनवर खरं काय ते कळतं."

फॉर्मवर दोन मालकांसाठी जागा होती. या तळघराआधीचा तिचा मालक वारून नऊ वर्षं झाली होती. त्याला फोन लागला असता तर त्याने चांगलंच सांगितलं असतं. दुसऱ्या ओळीत तिने तळघराचा नंबर लिहिला. पाठ असलेला नंबर, हाताने आपोआप लिहिला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला की तो फोन उचलणार कोण.

घरी नवरा पोट धरून हसला. "लोक ओळखीपाळखी काढतात, हातापाया पडतात. तुला आयती संधी चालून आली. कर की स्वतःची तारीफ."

"आणि तो खोटेपणा नाही?"

"त्यात खोटं काय आहे? तुझं काम चांगलं आहे की नाही?"

थोरली मुलगी वही घेऊन बसली. कारकून काय विचारेल ते तिने लिहून काढलं आणि आईकडून उत्तरं घोकून घेतली. 'अशी बाई शोधून सापडणार नाही.' 'सोळा वर्षांत एक तक्रार नाही.' आई ते म्हणताना लाजून ओढणीत तोंड लपवायची आणि लेक म्हणायची, "आई, तू मॅडम आहेस. मॅडम लाजतात का?"

पण मॅडमच्या पाठीमागे असं काही करायला तिचं मन घेईना. दुसऱ्या दिवशी तिने समोर बसून, ओठ नीट हलवत, सगळं सांगून टाकलं. छातीचा फोटो, खिडक्या, फोन. मॅडमनी हातातला साचा खाली ठेवला. बराच वेळ त्या तिच्या तोंडाकडेच बघत राहिल्या, जणू आणखी काही यायचं बाकी आहे. मग म्हणाल्या, "मला कुठे ऐकू येतंय. तूच बोल. मी जे म्हटलं असतं ते म्हण."

आणि त्या पाठ फिरवून मशीनकडे गेल्या.

मी जे म्हटलं असतं ते म्हण. हे वाक्य घेऊन ती चार दिवस फिरली. परवानगी म्हणावी तर होती, अट म्हणावी तर तीही होती. स्वतःची तारीफ केली तर मॅडमचा विश्वासघात, न केली तर जिना आहेच. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये टेबलावर तो फोन. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडून एक सुळा उलटा लागला.

पाचव्या दिवशी दुपारी कारकुनाचा फोन आला. मॅडम मशीनवर होत्या, तिच्याकडे पाठ करून. धूळ उडत होती.

"मॅडम बोलतेय."

"नमस्कार मॅडम, दोन मिनिटं घेतो. तुमच्याकडच्या बाईंनी आमच्याकडे अर्ज केलाय. कामाला कशा आहेत?"

थोरलीने घोकून घेतलेलं सगळं ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. मॅडम असं कधीच बोलल्या नसत्या. "बरी आहे," ती म्हणाली.

मॅडमच्या तोंडून 'बरी' म्हणजे फार झालं. कारकुनाला ते काय माहीत. पलीकडून पेन चालल्याचा आवाज आला. "फक्त बरी?"

"हात चांगला आहे तिचा."

"रजा वगैरे?"

"फार नाही."

"तब्येत?"

नेमका तेव्हाच खोकला वर आला. तिने रिसीव्हर लांब धरला, खोकला दाबला, पाण्याचा घोट घेतला. परत कानाला लावला तेव्हा कारकून म्हणत होता, "मॅडम, तुम्हालाच बरं नाही वाटतं."

"धुळीचा आहे," ती म्हणाली.

"काळजी घ्या. एवढंच शेवटचं. आमच्या साहेबांना त्या पसंत आहेत. महिन्याभरात द्याल ना त्यांना आम्हाला?"

द्याल ना आम्हाला. पन्नास डॉक्टरांनी पन्नास वेळा विचारलेलं तेच. आणि तिच्या जिभेने तिला न विचारता उत्तर दिलं, "ती नाही मिळायची. तिच्याशिवाय माझं चालत नाही."

"अच्छा," कारकून म्हणाला. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत. मालकाची हरकत असेल तर आम्ही माणूस घेत नाही, तसा नियमच आहे."

थांबा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण मॅडम शब्द फिरवत नाहीत. तो एक क्षण ती मॅडमच राहिली, आणि तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला.

ती रिसीव्हर हातात घेऊन बसून राहिली. कोणी फसवलं असतं तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. इथे स्वतःच्या पायावर धोंडा स्वतःच पाडून घेतलेला, तोही अगदी अदबीने. तिला रडू आलं, पण समोर रबराच्या वाटीत प्लास्टर घट्ट होत होतं, म्हणून तिने आधी ते ओतलं.

शटर ओढायच्या वेळी मॅडमनी ॲप्रन काढला आणि विचारलं, "दुपारी दवाखान्याचाच होता ना?"

तिने मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हटलं असतं तेच."

मॅडमनी तिचे ओठ वाचले. मग ड्रॉवर उघडून कानाचं यंत्र बाहेर काढलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि कानात बसवायला लागल्या. "म्हणजे मी तुला सोडते म्हणालीस," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. आता फोनचं मलाच बघायला हवं. जरा इथून बोल बघू काहीतरी, ऐकू येतं का बघते."

तिने ओठ उघडले आणि तसेच मिटले. मॅडमना वाटलं यंत्र बिघडलंय. त्या ते काढून पुन्हा पुन्हा झटकत राहिल्या.

सकाळी मॅडम यायच्या आधी तिने दवाखान्यात फोन लावला. "मॅडम बोलतेय. त्या बाईला सोडायला माझी हरकत नाही." कारकून हळहळला. "काल संध्याकाळीच दुसऱ्यांना कळवलं हो. त्यांच्या मालकांनी एका शब्दात हो म्हटलं. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ कधी येईल, असं तिने विचारलं. ही जागा अकरा वर्षांनी निघाली होती, असं तो म्हणाला.

तिने फोन ठेवला तोच तो पुन्हा वाजला. नेहमीचा डॉक्टर होता, लाडात आलेला.

"मॅडम, कालची कवळी काय सुंदर झालीय. द्या ना ती मेणाची बाई आम्हाला."

"घेऊन जा," ती म्हणाली. "आजच घेऊन जा."

डॉक्टर मनापासून हसला. "मॅडम, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच थट्टा केलीत. बरं, ती खालची कवळी कधी देताय?"

तिने डब्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"गुरुवारी," ती म्हणाली. "आधी नाही."