अर्धं पान

टपरीवर माझ्यापुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी विडा तोंडाशी नेला, पण तोंड तेवढं उघडलंच नाही. त्यांनी तो तुकडे करून गालात सारला. "काय झालं गुरुजी?" मी विचारलं, तर म्हणाले, "जबडा आखडलाय. गालात पांढरंही झालंय. चुन्यानं भाजलं असेल, दुसरं काय!"

पान खाणारे आम्ही सगळे असंच म्हणतो. चुन्यावर ढकललं की दवाखाना टळतो. स्वतःच्या गालाच्या आत काय चाललंय, ते वर्षानुवर्षं आपण बघत नाही. तिथं उजेडच जात नाही. समोरच्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय, तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर लगेच दाखवा. मी ते रोज वाचतो, पान चघळत.

तेवढ्यात पानवाल्या नामदेवनं माझं पान न विचारताच कात्रीनं अर्धं कापलं.

"अरे, अर्धं का?"

"साहेब, दिवाळीपासून तुम्हाला तरी अख्खं कुठं जातंय?"

त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. ते अर्धं पान तसंच ठेवून मी रस्ता ओलांडला. तीन बोटं खिशात घट्ट आवळली होती; ती तोंडाकडे न्यायचा धीर होईना.